घडीच्या आत

अर्ज अकरा पानांचा. चहाच्या कंपनीचा.
अशोक चौकात गाळा, बाहेर त्यांची हिरवी पाटी,
आत त्यांचे कप, त्यांचा मसाला, त्यांच्याच चमच्याचं माप,
आणि गल्ल्यावर मी,
व्यंकटेश नरसय्या चिलवेरी, वय एक्केचाळीस.

नाव, पत्ता, दोन फोटो, पॅन,
तीन पानं पटापट भरली.
चौदाव्या कॉलमशी पेन थांबलं:
यापूर्वीचा व्यवसाय. बंद केला असल्यास कारण.
खाली दीड ओळ जागा.

दीड ओळीत काय मावतं?
साखर पेठेतलं मोबाइलचं दुकान, तीन वर्षं,
शेवटच्या महिन्यात अर्धंच उघडलेलं शटर,
न वटलेला चेक,
आणि तो होटगी रोडचा डिस्ट्रिब्यूटर,
ज्याला लांबून पाहिलं की मी अजून
सात रस्त्याला रस्ता बदलतो.
तिथं निदान सात आहेत.

सल्लागार हजार रुपये घेतो अर्ज भरून द्यायचे.
म्हणाला, "लागू नाही, असं लिवा की ओ.
कोण बघायला येतंय?
भांडवल, स्वतःची बचत. अनुभव, दहा वर्षं.
सगळेच लिवतात. त्यांनाबी म्हाईत असतंय."

बचत आईची आहे.
विड्या वळून वळून साठलेला फंड.
तिच्या बोटांवर ठसेच उरले नाहीत,
बँकेतल्या मशीननं चार वेळा तिला ओळखलं नाही.
पाचव्यांदा ओळखलं.
ते पैसे स्वतःचे कसे म्हणू?

वडील घडीखात्यात होते.
चादर उजेडापुढं धरायचे,
आडवा धागा सुटलेला दिसला की बाजूला,
सेकंडच्या ढिगात.
पण दिवाळीच्या ऑर्डरीत ढीग फार वाढला
की मालक नुसता येऊन उभा राहायचा,
आणि वडील घडी फिरवायचे.
खोट आत, मोर वर.
डबा घेऊन गेलो होतो तेव्हा पाहिलं मी.
मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं.
घरी येईपर्यंत
ते तेलुगूत बोलले नाहीत, मराठीतही नाही.

मग बारीक अक्षरात, समासात उतरत लिहिलं:
तोटा आला. उधारी जास्त दिली, हिशेब कमी ठेवला.
एक चेक परत गेला. त्यातले चाळीस हजार अजून देणं आहे.
भांडवल आईचं. तिला विचारलं आहे.

शेवटच्या वाक्यावर अडकलो.
विचारलं होतं कुठं? सांगितलं होतं.
उठलो, आत गेलो.
ती मांडीवर सूप घेऊन पानं कातरत होती.
"बुडालं तर?"
"बुडू शकतंय."
कात्री थांबली नाही.
"मग तसं लिही."

पुण्याहून आलेला साहेब माझ्याहून लहान,
स्टेशनजवळच्या हॉटेलात, एसीच्या थेट खाली बसलेला.
चौदावा कॉलम त्यानं दोनदा वाचला.
"असं कोणी लिहीत नाही हो."
म्हटलं, "साहेब, तुमच्या पुस्तिकेत
अठरा महिन्यांत पैसे परत, असं छापलंय.
विजापूर रोडची तुमची पाटी अकराव्या महिन्यात उतरली.
त्याचं कारण लिहायला
तुमच्याकडं कॉलम कितवा?"

त्यानं पुस्तिका मिटली.
घडी होती तिथंच मिटली.
मग पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली,
हळूच म्हणाला, "भाडं."
आणि थोड्या वेळानं, "आणि आमचा मसाला महाग पडतो."

पंधरा दिवसांत कळवतो म्हणाला.
आज एकविसावा.

संध्याकाळी सात रस्त्याला तो डिस्ट्रिब्यूटर दिसला,
स्कूटरवर, मागं खोकी बांधलेली.
मी रस्ता बदलला. सवय.
वीसेक पावलं गेलो असेन,
थांबलो.
मागं वळून बघितलं तर
तो अजून सिग्नललाच होता.